राजीनाम्याचा मुहूर्त

आमच्या घरात माणसं पाच आणि राजीनामा एक. राजीनामा माझ्या नवऱ्याचा. तो त्याच्या मेलच्या ड्राफ्ट्समध्ये मुक्कामाला आहे. पहिल्यांदा लिहिला तेव्हा चांगला दीड पानी होता. त्यात मॅनेजरवर दोन परिच्छेद होते, ‘डिग्निटी’ होती, ‘टॉक्सिक’ होतं, आणि शेवटी एक वाक्य असं होतं की ते वाचून कंपनीच्या संचालक मंडळाला रात्रभर झोप लागू नये. दरवर्षी अप्रेजल झालं की हा ते पत्र उघडतो आणि त्यातलं एखादं विशेषण काढून टाकतो. आता चार ओळी उरल्यात. भाषा इतकी निर्मळ झाली आहे की बारावीच्या मुलांना नमुनापत्र म्हणून द्यावं. फक्त तारखेची जागा तेवढी रिकामी आहे.

हा हिंजवडीतल्या एका कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर आहे. हे सांगितलं की आमच्या एक मावशी अजूनही विचारतात, “मग गाडी कंपनी देते की स्वतःची न्यावी लागते?” मी त्यांना समजावून सांगण्याचा नाद सोडला, कारण समजावताना मलाच शंका यायला लागते. अमेरिकेत कुणाच्या तरी गाडीला पोचा पडतो. त्या पोच्याचे पैसे मिळवून देणारं एक सॉफ्टवेअर आहे. त्यात सुधारणा करणारी मुलं वेगळी. काम कुठवर आलं हे त्या मुलांना विचारणारे वेगळे. आणि ‘विचारून झालं का’ हे त्या विचारणाऱ्यांना विचारणारा, तो हा. याबद्दल कंपनी याला जे देते, ते ऐकून माझ्या माहेरी थोडा वेळ कुणी बोललं नव्हतं.

कॉल रात्री साडेआठचा. नोव्हेंबरात तिकडे अमेरिकेत घड्याळं तासभर मागे घेतात, त्यामुळे इकडे बालेवाडीत आमचं जेवण तासभर पुढे जातं. मार्चमध्ये पुन्हा पूर्वपदावर येतं. कॉलवर हा डायनिंग टेबलाशी बसतो, कानात हेडफोन, समोर लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या अलीकडे मेथीची जुडी. कॅमेरा बंद, आवाज बंद. चाळीस मिनिटं बाकीचे बोलत असतात, तेवढ्यात हा पानं एका बाजूला, काड्या दुसऱ्या बाजूला असं सुरेख काम करतो. एकदा पलीकडून याचं नाव घेतलं गेलं. याने एका बोटाने म्यूट काढला, जुडीवरची नजर न हलवता म्हणाला, “येस, आय अ‍ॅम गोइंग थ्रू इट, लाइन बाय लाइन,” आणि पुन्हा म्यूट केलं. पलीकडे सगळ्यांचं समाधान झालं. मला सांगायचं एवढंच, की दिवसभराच्या कामातलं डोळ्यांना दिसणारं, हाताला लागणारं, दुसऱ्या दिवशी डब्यात भरता येणारं असं याच्याकडून काही तयार होत असेल तर ती मेथी. हे त्यालाही माहीत आहे. त्याच्या दुःखाचं मूळ तिथे आहे, मॅनेजरमध्ये नाही. मॅनेजर बिचारा स्वतःच्या घरी कोथिंबीर निवडत असेल.

पगार वाईट असता तर हा प्रश्न केव्हाच सुटला असता. न आवडणारी, कमी पगाराची नोकरी माणूस एका दुपारी सोडतो आणि संध्याकाळी मित्रांना वडापाव खाऊ घालतो. आवडती, कमी पगाराची नोकरी करणाऱ्यांना लोक मान देतात, मुली देत नाहीत. पण न आवडणारी आणि भरपूर पगाराची नोकरी असली की तक्रार करायचीही पंचाईत. रिक्षावाल्यासमोर करता येत नाही, कामवाल्या मावशींसमोर करता येत नाही, गावाकडच्या भावासमोर तर नाहीच नाही. तक्रार ऐकायला उरते कोण? बायको.

मी ज्युनियर कॉलेजात अकाउंट्स शिकवते. दुसऱ्याचं दुःख ऐकताना त्याच्या दोन बाजू, नावे आणि जमा, मनात आपोआप पडतात. एका रविवारी मी याच्या पगाराचा खरोखरच हिशेब मांडला. घराचा हप्ता बाजूला ठेवला, तो असतोच. उरलेल्यातून ‘ही नोकरी सहन करण्यासाठी होणारा खर्च’ असं एक वेगळं खातं उघडलं. मोठी गाडी, कारण ट्रॅफिकमध्ये दीड तास बसायचं तर सीट तरी चांगली हवी. मानेचा फिजिओथेरपिस्ट, कारण त्या सीटवर दीड तास बसून मान धरते. जिम, वर्षाची फी एकदम, गेला आठ दिवस. शुक्रवारी रात्री बाहेरून मागवलेलं जेवण, ‘आठवडाच तसा गेला’ या सदराखाली. रात्री बारानंतर झोप न आल्यामुळे ऑनलाइन झालेली खरेदी, ज्यात एक तंबू आहे. तंबू अजून खोक्यात आहे. आणि दर तीन महिन्यांनी एकदा ‘डोकं शांत करायला’ लोणावळ्याच्या पुढचं ते रिसॉर्ट, जिथे हाच पगार असलेली, हीच नोकरी नकोशी झालेली हिंजवडीतली दोनशे माणसं आपापलं डोकं शांत करायला आलेली असतात आणि नाश्त्याच्या रांगेत एकमेकांना ओळखतात.

बेरीज झाल्यावर मी त्याला दाखवलं, की नोकरी सोडलीस तर हे खातंच बंद होईल, म्हणजे वाटतं तेवढं नुकसान नाही. त्याने कागद नीट पाहिला आणि म्हणाला, “म्हणजे नोकरी सोडली तर रिसॉर्ट बंद?”

तरीही त्याचं ठरलेलं आहे. सोडायची. प्रश्न फक्त केव्हा, एवढाच.

एप्रिलमध्ये सोडणं वेडेपणा, कारण वर्षभर राबून नेमकं अप्रेजलच्या तोंडावर कोण जातं? जूनमध्ये पत्र हातात पडतं. त्यातली वाढ बघून संताप येतो. पण व्हेरिएबल पे अजून यायचा असतो, आणि तो ज्या दिवशी खात्यात जमा होईल त्या दिवशी तुम्ही कंपनीच्या पटावर असला पाहिजेत अशी अट असते. तो येईतो श्रावण लागतो. मग गणपती. गणपतीत आमच्याकडे दीड दिवस पाहुण्यांचा राबता. प्रत्येक पाहुणा दारातच विचारतो, “काय, सध्या कुठे?” त्याला ‘घरीच’ असं उत्तर द्यायची कल्पना आमच्या सासूबाईंना सहन होत नाही. गणपती गेले की पितृपक्ष.

पितृपक्षावरून आमच्याकडे मोठी चर्चा झाली होती. पितृपक्षात नवीन काही सुरू करत नाहीत, हे सर्वमान्य. पण राजीनामा हे सुरू करणं आहे की संपवणं? याचं म्हणणं, संपवणं, तेव्हा चालेल. आईंचं म्हणणं, नोकरी संपली तरी बेकारी सुरूच होते ना, मग ती पितृपक्षात कशाला सुरू करायची? हा मुद्दा बिनतोड होता. दसऱ्याला सोन्यासारख्या दिवशी लक्ष्मीला लाथ मारायची नाही. दिवाळीला तर विषयच नाही. डिसेंबरात अमेरिकेतले सगळे सुट्टीवर जातात, कॉल रद्द होतात, वर्षातला तेवढाच महिना नोकरी थोडी आवडते. आणि आवडत असताना सोडणं बरं दिसत नाही. जानेवारीत इन्कम टॅक्सचे पुरावे जमा करायचे असतात. फेब्रुवारी, मार्च कापल्या जाणाऱ्या टॅक्सच्या शोकात जातात. आणि एप्रिलमध्ये सोडणं वेडेपणा.

या सगळ्यांवर कडी म्हणजे ग्रॅच्युइटी. १९७२ साली संसदेने ग्रॅच्युइटीचा कायदा केला आणि सलग पाच वर्षं नोकरीची अट घातली. ज्यांनी घातली त्यांच्या मनात कामगाराचं कल्याण होतं. पण आमच्या घरी या अटीने हाहाकार केला. या कंपनीत याची साडेतीन वर्षं झाली असताना राजीनामा अगदी ओठांवर आला होता. बोट बटणावर. तेवढ्यात एका सहकाऱ्याने ग्रॅच्युइटीची आठवण करून दिली. झालं. “दीड वर्ष काय, असं जाईल,” असं म्हणून हा दीड वर्ष रोज सकाळी कण्हत उठला.

पाच वर्षं पूर्ण झाली त्या रात्री मी हिशेब केला. सूत्र सोपं आहे, मी वर्गात शिकवते: शेवटचा मूळ पगार, गुणिले पंधरा, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सव्वीस. सव्वीस अशासाठी की कायद्याच्या मते महिन्यात फक्त रविवारी सुट्टी असते. याचा मूळ पगार ९०,०००. आले २,५९,६१५ रुपये. याच्या हातात दरमहा २,२०,००० पडतात. म्हणजे सव्वा महिन्याच्या पगाराहूनही कमी रकमेसाठी या माणसाने दीड वर्ष कपाळावर आठ्या वागवल्या, आणि त्या आठ्या घालवण्यासाठी रिसॉर्टला गेला तो खर्च वेगळाच. मला वाटलं, हे ऐकून हा पेटून उठेल. उठला नाही, कारण तेवढ्यात त्याला पुढचं कलम सापडलं. पाच वर्षांनंतर वरचे सहा महिन्यांहून जास्त महिने झाले की ते पूर्ण वर्ष धरतात. “म्हणजे अजून सहाच महिने काढले तर पन्नास हजार!” आणि ही सहा महिन्यांची तारीख दरवर्षी येते.

समजा हे सगळे अडथळे पार करून उद्या त्याने बटण दाबलंच, तरी सुटका नाही. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवसांची नोटीस पुरते. आयुष्यभरासाठी माणूस बांधून घ्यायला तीस दिवस, आणि कंपनीतून सुटायला तीनपट! त्या नव्वद दिवसांत म्हणे अद्भुत गोष्टी घडतात. ज्या मॅनेजरला तुमच्या आडनावाचं स्पेलिंग येत नव्हतं तो कॉफीला नेतो. ‘तुझ्यासारखा माणूस’ असं वाक्य सुरू करून पगारवाढ पुढे सरकवतो. याच्या टीममधली एक मुलगी राजीनामा देऊन, नव्वद दिवस असे कौतुकात न्हाऊन, शेवटच्या आठवड्यात राजीनामा मागे घेऊन, वाढीव पगारावर पुन्हा त्याच खुर्चीत बसली. आता ती दुप्पट नाखूश आहे, पण निम्म्यानेच बोलते.

आणि सोडून करणार काय? हा प्रश्न विचारला की याच्या डोळ्यांत एक चमक येते. हिंजवडीतल्या माणसांच्या स्वप्नात ठरावीक तीन-चार गोष्टी येतात: कोकणात होम-स्टे, कोपऱ्यावर मिसळ, यूट्यूबवर किल्ले, आणि शेती. याला शेती हवी. सेंद्रिय. मुळशीकडे दोन एकर, एक विहीर, एक गाय. गाईचं नावसुद्धा ठरलंय. आम्ही एक शनिवार जमीन बघायला गेलो. एजंटने ऊन, वारा, डोंगर सगळं दाखवलं आणि परत येताना सहज विचारलं, “साहेब, तुमच्या नावावर कुठे सातबारा आहे ना?” नव्हता. आजोबांनी रत्नागिरीकडची जमीन चुलत्याला देऊन पुण्यात भिक्षुकी पत्करली होती. एजंटने गाडी सावलीत थांबवली आणि १९४८ चा कूळकायदा आम्हाला समजावला: जो शेतकरी नाही त्याला या राज्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे नोकरी सोडून शेतकरी व्हायचं तर आधी शेतकरी असावं लागतं. परतीच्या वाटेवर हा एक शब्द बोलला नाही. पिरंगुटला मात्र म्हणाला, “मिसळीला सातबारा लागत नाही.”

या विषयावर घरातलं सर्वोच्च न्यायालय म्हणजे बाबा, माझे सासरे. बाबा सरकारी बँकेत होते आणि चिंतामणराव देशमुख हे त्यांचं दैवत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे अर्थमंत्री, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे. “राजीनामा असा द्यावा,” बाबा म्हणतात. “तू कशावर देतोयस?”

“बाबा, माझा मॅनेजर एक्सेलच्या प्रत्येक चौकटीत वेगळा रंग भरायला लावतो.”

बाबा थोडा वेळ विचार करतात. “त्यावर संसदेत निवेदन होणार नाही,” म्हणतात.

आगरकरांचं उदाहरणही आमच्याकडे निघतं. आगरकरांनी शिकत असतानाच आईला पत्र लिहून कळवलं होतं, की मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी धरेल ही आशा ठेवू नकोस, पोटापुरतं मिळवून मी बाकीचा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहे. मला यातला व्यवहार नेहमी आवडतो. नोकरी लागायच्या आधीच राजीनामा! ना नोटीस पिरियड, ना ग्रॅच्युइटी, ना रिसॉर्टची सवय. डॉक्टर श्रीराम लागूंचं उदाहरण तर प्रत्येक पार्टीत कुणीतरी देतंच: कान-नाक-घशाचे सर्जन, चाळिशी ओलांडलेली, आणि १९६९ मध्ये प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर. उदाहरण देणारा हे सांगताना स्वतःच नटसम्राट झालेला असतो. पण लागूंनी प्रॅक्टिस सोडली ती नाटकासाठी. याच्याकडे सोडायला भरपूर आहे, धरायला म्हणाल तर एक न उघडलेला तंबू. शिवाय दवाखाना बंद करून नाटकात गेले आणि दुसऱ्या अंकातच पडले, अशा डॉक्टरांची चरित्रं कोण छापणार? तेव्हा यश आलेल्यांकडे बघून उडी मारायची, हा माझ्या मते हिशेबातला दोष आहे. वर्गात असतं तर मी दोन मार्क कापले असते.

बाबांनी स्वतः मात्र नोकरी सोडली होती. २००० आणि २००१ या काळात सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, झालेल्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार देऊ केला, आणि देशभरातून लाखभर माणसं पैसे घेऊन घरी गेली. त्यांत बाबा. बँकेचा त्यांना कंटाळा आला होता म्हणे. पहिल्या सोमवारी दहा वाजता ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले. कुठे? बँकेत. पासबुक भरून घ्यायला. मंगळवारीही गेले. खात्यात काही हालचाल नव्हती, तरी पासबुक भरून घेतलं. पुढची कित्येक वर्षं त्यांचं पासबुक हे शाखेतलं सर्वांत अद्ययावत पासबुक होतं. आपल्या टेबलावर बसलेला नवा मुलगा ड्रॉवर जोरात बंद करतो, ही त्यांची तक्रार आजही ताजी आहे.

यात बाबा एकटे नाहीत. चार्ल्स लँब नावाचा थोर इंग्रज निबंधकार ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत तेहतीस वर्षं हिशेबनीस होता. जिने १८१८ मध्ये आपली पेशवाई बुडवली, तीच कंपनी! इकडे शनिवारवाड्यावर तिचं निशाण चढत होतं, तेव्हा तिकडे तिचा हा कारकून चहा-निळीच्या आकड्यांवर मान मोडत केव्हा सुटतो असा झाला होता. पेशवाई गिळूनही कंपनीला स्वतःच्या माणसाला खूश ठेवता आलं नाही, याचा मराठी माणूस म्हणून मला थोडा आनंद होतो. १८२५ मध्ये भरघोस पेन्शनवर सुटल्यावर लँबने त्यावर निबंध लिहिला, आणि त्यात काय आहे? जुन्या कचेरीत जाऊन आला, तर त्याचं टेबल आणि टोपी अडकवायची खुंटी दुसऱ्याला दिलेली! मी हे बाबांना सांगितलं. “ड्रॉवरचं काही लिहिलंय का त्याने?” त्यांनी विचारलं.

असं सगळं मुहूर्तावर अडलेलं असताना गेल्या फेब्रुवारीत कंपनीत बातमी फुटली, की माणसं कमी करणार आहेत. यादी तयार आहे, शुक्रवारी मेल येणार.

मला वाटलं, चला, सुटला! ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली ते आयतं घरी चालत येतंय. आणि बघते तर हा पांढराफटक. त्या आठवड्यात याने जे काम केलं ते सबंध कारकिर्दीत केलं नसेल. कॉलवर कॅमेरा चालू. मेथी फ्रीजमध्ये पिवळी पडली. मॅनेजरने सांगायच्या आधीच चौकटींत रंग भरले, वर रंगांची सूची जोडली. मी विचारलं, “अरे, तुला सोडायचीच आहे ना?” तर माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याच्या वडिलोपार्जित इस्टेटीवर बोलतेय. “मी सोडणं वेगळं. त्यांनी काढणं वेगळं.”

शुक्रवारी मेल आला नाही. हा घरी आला तो पेढ्यांचा पुडा घेऊन. आईंनी एक देवापुढे ठेवला, बाबांनी एक तोंडात टाकला आणि कशाचे म्हणून विचारलं. “नोकरी राहिली!” हा म्हणाला. इतका आनंदी मी त्याला त्या नोकरीबाबत कधी पाहिला नव्हता.

रात्री अकराच्या सुमाराला त्याला ज्यांना काढलं त्यांच्यापैकी एकाचा फोन आला. तासभर बोलणं झालं. फोन ठेवून हा स्वयंपाकघरात आला आणि फ्रीजला टेकून उभा राहिला.

“अगं, काढलेल्यांना चार महिन्यांचा पगार दिला.”

“हं.”

“हातात. वर ग्रॅच्युइटी. आणि नोटीस पिरियडसुद्धा नाही, सोमवारपासून घरी.”

मी मनातल्या मनात आकडा काढला. त्यानेही काढला असावा, कारण त्याचा चेहरा उतरत उतरत पार हनुवटीला आला.

“पेढे आणायची जरा घाईच झाली का गं?”

“पावकिलोच आणलेस,” मी म्हटलं. “फार नुकसान नाही.”